कालपर्यंत चालत होतं

मुलीच्या लग्नात काका कॉलर विटलेला जुना आकाशी शर्ट घालून मांडवात उभे होते. कार्यालयात निम्मं पेण जमलेलं, व्याह्यांकडची माणसं नागोठण्याहून फेटे बांधून आलेली, आणि वधूपिता असा, जणू फॅक्टरीतून परस्पर आलेला. काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "नवा झब्बा शिवलाय गं. कपाटात घडी न मोडता पडलाय. तू तरी सांग त्यांना." मी सांगायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "आज आमच्या घरात एक मोठी गोष्ट बदलते आहे. तेवढी पुरे. झब्बा उद्या घालीन."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ते कोरा करकरीत झब्बा घालून कामावर आले.

एका दिवशी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, हा त्यांचा नियम होता. नवी चप्पल घेतली तर त्या दिवशी केस कापायचे नाहीत. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या तर दुसरी गोळी दुसऱ्या दिवसापासून. "डोकं दुखायला लागलं तर चपलेला धरायचं की न्हाव्याला?" ते विचारत. यात विनोद आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची फॅक्टरी होती. रंगांना लागणारी रसायनं बनत. मी तिथं कॉम्प्युटरच्या खोलीत नोकरीला लागले तेव्हा ते तिथंच होते, पण त्यांचं शिक्षण कॉम्प्युटरचं नव्हतं. वीस वर्षं त्यांनी प्लांटमधले गेज आणि थर्मामीटर दुरुस्त केले होते. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी पुस्तकं वाचून, तारा जोडून, मशीन उघडून ते शिकून घेतले, आणि मॅनेजरांनी त्यांना वर खोलीत आणून बसवलं. पेणला ते आमच्याच आळीत राहत, म्हणून मी त्यांना काका म्हणे. बाकी सगळी फॅक्टरी त्यांना पाठीमागे 'कालचे' म्हणे. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. कुणीही काहीही बिघडल्याची तक्रार घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कालपर्यंत चालत होतं का?"

"'का' हा प्रश्न लोक फार लवकर विचारतात," ते म्हणत. "आधी कधीपासून ते विचारावं. ते सापडलं की 'का' आपोआप समोर येऊन बसतं."

पेणहून कंपनीची बस पावणेसातला सुटे. काका डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. मांडीवर लांबट वही. वहीवर त्यांनी सुबक अक्षरात 'पिछेहाट' असं लिहिलेलं होतं. आत तीन मोठे रकाने. काय बिघडलं, कुठल्या आवृत्तीपर्यंत चालत होतं, कुठल्या आवृत्तीपासून थांबलं. चौथा रकाना अगदी अरुंद, त्यावर फक्त 'का'.

ही वही कशाची, ते सांगते. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर काकांना एक ऑपरेटिंग सिस्टिम मिळाली होती. फुकट, आणि आतला सगळा कोड उघडा, कुणीही वाचावा, कुणीही बदलावा. जगभरचे लोक मिळून ती लिहीत. तिचा गाभा म्हणजे कर्नल. दर आठ-पंधरा दिवसांनी कर्नलची नवी आवृत्ती निघे. नव्या आवृत्तीत चार गोष्टी सुधारत, आणि एखादी कालपर्यंत नीट चालणारी गोष्ट बंद पडे. कुणाचा प्रिंटर, कुणाचा माउस. लिहिणारे तोवर पुढच्या कामाला लागलेले असत. या बंद पडलेल्या गोष्टींची यादी ठेवायचं काम काकांनी आपल्याकडे घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं.

ते पहाटे पाचला उठून घरच्या फोनवरून इंटरनेटसाठी मुंबईचा नंबर लावत, कारण पहाटे एसटीडी स्वस्त पडे. लाइन मिळाली की जगभरच्या तक्रारींच्या ई-मेल उतरवून घेत, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला आपली यादी त्या सगळ्या लोकांना पाठवत. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर्स' अशी. एकदा तिकडच्या एकानं कळवलं, की आम्हांला सर म्हणू नका. काकांनी दोन दिवस विचार करून फक्त 'रिस्पेक्टेड' ठेवलं.

त्यांना राग येई तो एकाच उत्तराचा. कुणीतरी परदेशातून एक ओळ लिही, 'आमच्याकडे तर चालतंय.' त्या दिवशी काका बसमध्ये बोलत नसत. नागोठणं मागे पडलं की मग हळूच म्हणत, "त्यांच्याकडे चालतंय याचा त्या बिचाऱ्याला काय उपयोग?"

आमच्या बसच्या ड्रायव्हरला वाटे, काकांचा कुणा लष्करी अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार आहे. तो आरशातून विचारी, "काय साहेब, कर्नल बरे हायत ना?"

काका वहीतून मान वर न करता सांगत, "गेल्या आठवड्यापासून जरा बिघडलेत."

"वय झाला असंल," ड्रायव्हर म्हणे.

त्यांच्या या पद्धतीचा मला स्वतःला एकदा उपयोग झाला. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, आणि घरी आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, अण्णा. अण्णा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मी एक चांगलं म्हणतात तसं स्थळ नाकारलं, आणि अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. प्रश्न विचारला तर मान हलवायची, नाहीतर उठून आत जायचं. दोन महिने मी ते सोसलं. एक दिवस बसमध्ये माझे डोळे भरून आलेले काकांनी पाहिले.

"कधीपर्यंत नीट बोलत होते?" त्यांनी विचारलं.

"मी नाही म्हणेपर्यंत."

"हे तू कारण सांगितलंस. मी दिवस विचारला."

मला राग आला होता, पण मी आठवू लागले. दिवाळीत? दिवाळीत बोलत होते. चिवड्यात खोबरं कमी म्हणून वाद घातला होता. संक्रांतीला? संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवला, बोलले काहीच नाहीत. "मग मधलं काहीतरी सांग," काका म्हणाले. नाताळच्या सुट्टीत माझा भाचा आला होता. तो कोडी घालायचा आणि अण्णा नुसते हसायचे, उत्तर द्यायचे नाहीत. एरवी कोड्यांत त्यांना कुणी हरवलं नव्हतं.

"आणि ते स्थळ कधी नाकारलंस?"

"संक्रांतीनंतर. जानेवारी संपता संपता."

काकांनी वही मिटली. "मग तू नाहीस. बिघाड तुझ्या आधीचा आहे."

त्याच आठवड्यात मी अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांना ऐकू येणं कमी झालं होतं, आणि आळीत कळलं तर शिकवणीची मुलं येणार नाहीत म्हणून त्यांनी ते लपवलं होतं. कानाचं यंत्र आलं, आणि पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "तू फार हळू बोलतेस हल्ली." त्या स्थळाबद्दल त्यांना काही म्हणायचंच नव्हतं.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतरही त्यांनी ती यादी चालवली. मग डोळे अधू झाले तेव्हा परदेशातल्या एका तरुणानं ती मागून घेतली. पण त्यांची आठवण निघाली की मला यादीपेक्षा हिराजीचं प्रकरण आठवतं. माणूस कसा होता हे मला त्या महिनाभरात कळलं.

हिराजी आमच्या बसला वडखळला चढायचा. खाडीकडच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्या घरातला. त्या घरातला कंपनीत लागलेला तो पहिलाच माणूस, आणि त्याच्या आईला याचा फार अभिमान. रसायनं शिजवायच्या मोठ्या टाक्या म्हणजे रिअॅक्टर. दिवसपाळीला चार रिअॅक्टरवर चार ऑपरेटर असत, त्यात हिराजी दोन नंबरवर. दर अर्ध्या तासानं तापमान बघायचं, शेजारच्या टर्मिनलच्या कीबोर्डवर वेळ आणि आकडा टाइप करायचा, आणि एंटर मारायचा. मग ती ओळ वायरीतून वरच्या खोलीत आमच्या कॉम्प्युटरला मिळे. त्या कॉम्प्युटरवर काकांनी हीच फुकटची सिस्टिम बसवली होती.

दसरा झाल्यावर एका गिऱ्हाइकानं माल परत केला. मालासोबत जो तापमानाचा तक्ता जायचा, त्यात अकरा ते बाराच्या मधले आकडेच नव्हते. मागचे तक्ते काढले तर आणखी सात-आठ तसेच निघाले. सगळे दोन नंबरच्या रिअॅक्टरचे. हिराजी अकरा वाजता कुठेतरी जाऊन झोपतो, असं मॅनेजरांनी ठरवलं. त्याला चार्जशीट मिळाली, चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं, आणि गुन्हा शाबीत झाला तर नोकरी जाणार हे सगळ्यांनाच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बस वडखळला थांबली आणि हिराजी चढला नाही. काकांनी वही उघडलीच नाही. खोलीत पोचल्यावर पंखा लावायच्या आधी ते म्हणाले, "सगळे तक्ते काढ. त्याचे आकडे कधीपर्यंत नीट येत होते ते बघू."

तासाभरात सापडलं. एका सोमवारपासून आकडे गळत होते. त्याच्या आधी वर्षभरात एकही नाही.

"सोमवारच्या आधी रविवार येतो," काका म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तो रविवार मलाही आठवत होता. बॉयलरच्या तपासणीसाठी प्लांट बंद होता, आणि कॉम्प्युटर थांबवायला तेवढाच एक दिवस मिळणार होता. जुनी हार्ड डिस्क करकरत होती, ती बदलायची होती. शिवाय कर्नलची नवी आवृत्ती घालायची होती, कारण स्टोअरचा नवा प्रिंटर जुन्या आवृत्तीला ओळखता येत नव्हता. काका म्हणाले होते, आज डिस्क, कर्नल पुढच्या वेळी. मॅनेजर म्हणाले, पुढची वेळ दिवाळीनंतर, दोन्ही आजच करून टाका. काकांनी थोडा वाद घातला, आणि मग दोन्ही केलं.

"दोन गोष्टी," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि सोमवारी सगळं चालू झालं म्हणून मी खूश होतो."

त्या संध्याकाळी परतताना आम्ही दोघं वडखळला उतरलो आणि बांधावरून चालत हिराजीच्या गावी गेलो. मिठागरातलं पावसाचं पाणी काढून टाकायचं काम चाललं होतं. हिराजी भावाच्या बांधाला चिखल लावत होता. आम्हांला बघून त्यानं फावडं ठेवलं, पण पुढे आला नाही. त्याची बायको दारातून म्हणाली, "ये गो ताय, बस." तिनं चहा केला. काकांनी तो हातात धरून ठेवला.

"मी आकडा टाकला व्हता, साहेब," हिराजी म्हणाला. "इस्क्रीनवर दिसला मना. सोला वर्सा झाली कंपनीत. झोपलेलो नाय मी."

"अकराचा आकडा तू किती वाजता टाकतोस?" काकांनी विचारलं.

हिराजीला तो प्रश्न अपमानाचा वाटला. "अकराचा अकराला. साडेअकराचा साडेअकराला. तसाच करायचा सांगितलाय ना तुमीच?"

काकांनी मान हलवली आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवला. परत येताना ते बांधावर मध्येच थांबले. "ओळ किती वाजता पोचली ते मशीन लिहून ठेवतं. मी सकाळी पाहिलं. बाकीचे तिघं दिवसभराचे आकडे कागदावर मांडतात आणि चार वाजता एकदम भरतात. सांगितलं तसं करणारा हा एकटा. म्हणून हा सापडला."

चौकशीला अकरा दिवस होते. काकांच्या घरी एक जुनं मशीन होतं आणि आमच्या खोलीत एक पडीक टर्मिनल, काढून ठेवलेली जुनी डिस्क आणि नव्यासारखीच एक सुटी डिस्क. खोलीतलं सगळं पिशवीत घालून आम्ही पेणला आणलं. पहिल्यांदा डिस्क की कर्नल ते ठरवायचं होतं. नवी डिस्क, जुना कर्नल: सगळ्या ओळी पोचल्या. जुनी डिस्क, नवा कर्नल: ओळी गळल्या. "डिस्क सुटली," काका म्हणाले.

जुना कर्नल आणि नवा कर्नल यांच्यामध्ये एकतीस आवृत्त्या निघालेल्या होत्या. काकांनी कधीच काही फेकलेलं नसल्यामुळे त्या सगळ्या त्यांच्याकडे होत्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, फ्लॉपीवर, प्रत्येकीवर चिठ्ठी. मी म्हटलं, एकतीस तपासायच्या तर महिना जाईल. त्यांनी मला समजावलं, की मधली घ्यायची. ती नीट चालली तर दोष तिच्या पुढे आहे, नाही चालली तर तिच्यात किंवा मागे. प्रत्येक वेळी निम्म्या कटतात. पाच वेळा केलं की एक उरते.

एक आवृत्ती त्या मशीनवर कंपाइल व्हायला, म्हणजे चालवण्याजोगी तयार व्हायला, चार-पाच तास लागत. काका ते पहाटे लावून ठेवत, संध्याकाळी आल्यावर डिस्कला अकराच्या वेळेसारखंच काम लावत, मग मी टर्मिनलवरून पाचशे ओळी पाठवी आणि काका पलीकडे किती पोचल्या ते मोजत. काकू मध्ये मध्ये येऊन पोहे ठेवून जात. सकाळी बसमध्ये एवढंच बोलणं होई. "सोळा उरल्या." "आठ." ड्रायव्हरलाही त्यात गोडी लागली, तो आरशातून विचारी, "आता किती?" तिसऱ्या दिवशी नेमक्या हव्या त्या फ्लॉपीला पेणच्या दमट हवेनं बुरशी धरलेली निघाली. काकांनी ती रुमालानं पुसत बराच वेळ घालवला, मग शेजारची आवृत्ती घेतली. त्यामुळे एक दिवस जास्त गेला.

शेवटी एक उरली. काका तिच्यात काय बदललं ते वाचत बसले. डिस्कवर वेगानं लिहिता यावं म्हणून कुणीतरी एक ओळ बदलली होती. तिचा परिणाम असा, की डिस्क लिहीत असेल तेवढा वेळ कर्नल दुसऱ्या कुणाकडे बघत नसे. त्या वेळात वायरीतून अक्षरं आली तर ती पडून जात. तिकडच्या नव्या मशीनवर ते जाणवत नसे. आमचं मशीन जुनं. आणि आमच्या स्टोअरमध्ये रोज अकराला साठ्याचं मोठं पत्रक निघे, बारापर्यंत डिस्कला उसंत नसे.

आता एक गोष्ट मला सांगायलाच हवी. एक अक्षर पडलं म्हणून अख्खी ओळ का जावी? तर प्लांटकडून आलेली ओळ नीट आहे का हे एक प्रोग्राम तपासे, आणि चुकीची असली तर टाकून देई. तो प्रोग्राम माझा होता. ओळ टाकून देताना ते कुणाला कळवावं, असं लिहिताना माझ्या मनातही आलं नव्हतं. काकांना हे पहिल्या दिवशीच कळलं असणार. ते मला काही बोलले नाहीत.

चौकशीला अलिबागचे एक वकील अधिकारी म्हणून आले होते. ऑफिसच्या इमारतीतली लांब टेबलाची खोली. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला युनियनचा माणूस, आणि भिंतीशी हिराजी, इस्त्रीचा शर्ट घालून, हात गुडघ्यांवर. काकांनी टर्मिनल टेबलावर मांडलं. हिराजीलाच आकडा टाकायला लावला. ओळ कॉम्प्युटरमध्ये आलेली सगळ्यांना दाखवली. मग स्टोअरला फोन करून पत्रक सुरू करायला सांगितलं आणि हिराजीला पुन्हा आकडे टाकायला लावले. टर्मिनलवर आकडे दिसत होते. कॉम्प्युटरमध्ये दहातल्या चार ओळी आल्याच नाहीत.

मग मॅनेजर मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. "म्हणजे चूक त्या फुकटच्या सिस्टिमची. बाहेरच्या लोकांची. तसं लिहून घ्या."

"नाही," काका म्हणाले. "त्यांनी बदल केला तो त्यांच्या मशीनवर नीट चालला. आपल्या मशीनवर तो मी घातला. एका दिवशी दोन बदल केले, आणि प्लांटकडून ओळी येतात का हे तपासलं नाही. माझं नाव लिहा."

वकिलांनी लिहिता लिहिता विचारलं, "आणि ओळ टाकून देतो तो प्रोग्राम?"

काका काहीतरी सावरून बोलणार हे मला दिसलं, म्हणून मी उभी राहिले. "तो माझा आहे," मी म्हटलं.

"मग बाकीच्या तिघांचे आकडे कसे येतात?" मॅनेजरांनी विचारलं.

"हिराजी वेळच्या वेळी टाकतो," काका म्हणाले.

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांची चौकशी आज नाही."

हिराजी सुटला. मला लेखी ताकीद मिळाली. काकांना महिनाअखेरीला कॉम्प्युटरच्या खोलीतून काढून खाली इन्स्ट्रुमेंटच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं, आणि फॅक्टरीनं विकतची सिस्टिम आणली. मी चिडले होते. वर्कशॉपमध्ये गेले तर काका बाकावर बसून एका गेजची काच पुसत होते. "मला मागच्या आवृत्तीवर नेलंय," ते म्हणाले. "ती वीस वर्षं नीट चालली होती." मला हसू आलं नाही. पण ते हे सांत्वनासाठी म्हणत नव्हते. त्यांना ते खरंच योग्य वाटत होतं.

आपला शोध त्यांनी त्या जगभरच्या लोकांना पाठवला. पहिलं उत्तर आलं, 'आमच्याकडे तर चालतंय.' काकांनी मशीनचा सगळा तपशील पुन्हा लिहिला. तीन आठवड्यांनी कुणीतरी कुठल्याशा अडगळीतून तसंच जुनं मशीन काढून बघितलं, आणि त्याच्याकडेही ओळी गळल्या. पुढच्या आवृत्तीत ती ओळ दुरुस्त झाली.

पण काकांचं मन कुठेतरी अडकलेलं होतं. हिराजी कामावर परत आला, तरी तो आमच्याकडे बघत नसे. वडखळला चढायचा आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसायचा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत काका त्याला कॅन्टीनच्या मागे गाठायला गेले, मीही होते.

"हिराजी, काही राहिलं का माझ्याकडून?"

तो म्हणाला, "तुमी कागूद केला, साहेब. तो हापिसात हाय. आमच्या गावात कोन वाचतो? माजे पोराला शालंत झोपाल्याचा पोर म्हनतात. आय देवलात जायची बंद झाली. नोकरी वाचली ती कुनाच्या तरी पाया पडून वाचवली, असा बोलतान लोक."

या बाजूचा विचार काकांनी केलाच नव्हता. त्यांच्या वहीत असा रकाना नव्हता.

रविवारी सकाळी ते माझ्या दाराशी आले. चार माणसांत बोलायचं ते टाळत, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. गणेशोत्सवात बक्षिसं वाटायला बोलावलं तरी ते गावाला जात. "तू नुसती शेजारी उभी राहा," ते म्हणाले.

हिराजीच्या गावात देवळासमोरच्या दुकानापाशी दहा-पंधरा माणसं होती. मिठागराच्या कामाची बोलणी चालली होती. काकांनी चपला काढल्या, देवळाला नमस्कार केला, आणि तिथंच पायरीवर उभे राहून बोलायला लागले. त्यांनी डिस्कपासून सुरुवात केली. मग कर्नल. मग एकतीस आवृत्त्या. माणसं आधी ऐकत होती, मग एकमेकांकडे बघायला लागली. काकांना घाम फुटला होता, पण ते एकही पायरी गाळायला तयार नव्हते.

देवळाच्या बाजूनं एक म्हातारी पुढे आली. ती हिराजीची आई, हे मला मागाहून कळलं. तिनं कमरेवर हात ठेवून त्यांना मध्येच तोडलं. "म्हंजे माजा पोर झोपला नव्हता?"

"नव्हता," काका म्हणाले.

"चूक कोनाची व्हती?"

"माझी."

"मंग तसा सांगा ना सगल्यांना. येवढा कशाला?"

काकांनी तोंडावरून रुमाल फिरवला. मग त्यांनी पंधरा माणसांकडे एकेक करून बघितलं, आणि शाळेतल्या मुलासारखं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिराजी झोपला नव्हता. चूक माझी होती." म्हातारीनं मान डोलावली आणि ती देवळात गेली. घंटा वाजलेली आम्हांला बाहेर ऐकू आली.

हिराजी त्या वेळी तिथं नव्हता. तो मिठागरावर होता. आम्ही त्याला न भेटताच परत आलो.

सोमवारी बस वडखळला थांबली. हिराजी चढला. मागे जायला निघाला, मग तिसऱ्या बाकापाशी थांबला. बस सुटली तसा त्यानं दांडा धरला. काका वहीत बघत होते.

"सरका, साहेब," हिराजी म्हणाला.

काका आणखी खिडकीकडे सरकले. रोहा येईपर्यंत काकांनी वहीचं पानही उलटलं नाही.